मुद्देमाल : शिवणीचा पिढा, एक पाय तुटलेला

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. "ताई, तुम्ही बायकांच्या छळाच्या केसेस चालवता. काहीतरी प्रेरणादायी लिहा." मी म्हटलं, एका पिढ्याबद्दल लिहीन. संपादकांनी खात्री करून घेतली. "पिढा म्हणजे बसायचा?" हो, बसायचाच. वर फळी, खाली चार बुटके पाय, चुलीपुढे असतो तो. प्रेरणा हवी असणाऱ्यांनी दुसरं पान उघडावं. माझ्या गोष्टीत पिढा आहे, एक सासू आहे आणि माझी स्वतःची एक घोडचूक आहे. माणसांची नावं बदलली आहेत. चूक जशीच्या तशी ठेवली आहे.

मी भंडारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात सरकारी वकील आहे. कोणत्या तालुक्याच्या ते सांगत नाही, कारण पुढे एका हवालदाराचा उल्लेख येणार आहे आणि तो माणूस मनाने चांगला आहे. माझ्या पदाच्या नावात 'सहायक' आणि 'अभियोक्ता' असे आणखी दोन शब्द आहेत, पण ते नेमणुकीच्या कागदाबाहेर कोणी वापरत नाही. गावोगावी मी 'सरकारी वकीलीनबाई'.

काम काय, तर नवऱ्याने बायकोचा हात मोडला, तिने ठाण्यात तक्रार दिली, पोलिसांनी तपास केला, की तो कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर येतो. तिथून पुढे ती तक्रार तिची एकटीची राहत नाही, सरकारची होते. कायद्याचं पुस्तक बदललं, कलमांचे आकडे बदलले, तरी लोक अजून छळाच्या कलमाला 'चारशे अठ्ठ्याण्णव'च म्हणतात. खटल्याच्या कागदावर लिहिलेलं असतं, महाराष्ट्र राज्य विरुद्ध अमुक. आपल्या गोष्टीतला अमुक म्हणजे गजानन. राईस मिलमध्ये कामाला, बपेऱ्याच्या बाजूच्या एका गावचा. कागद वाचून तो एकदा थेट माझ्या टेबलाशी आला. खरोखर दुखावलेला होता.

"मॅडम, सरकारले माया घरात काय घेणं हाय? मी कधी सरकारले काई म्हटलं काय?"

"तुमच्यावर बायकोचा हात मोडल्याचा आरोप आहे."

"बायको माई हाय ना!"

"हात तिचा आहे."

तो विचारात पडला. मला वाटलं, पटलं. जाताना शिपायाला विचारून गेला की सरकारी वकील बदलून मिळतो काय.

आता माझ्याबद्दल थोडं, कारण त्याशिवाय चूक समजणार नाही. मी जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये वाढले. बाबा फॅक्टरीत. घरी पुस्तकं होती आणि मतं होती, आणि दोन्ही शेजाऱ्यांना वाटली जात. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत लोक लेझीम खेळायचे, मी पत्रकं वाटायचे. कॉलेजात गेल्यावर एका महिला संघटनेत शिरले आणि स्वतःच पत्रकं लिहू लागले. तीन उद्गारचिन्हांशिवाय माझं वाक्य संपत नसे. संघटनेतल्या मोठ्या ताई म्हणायच्या, "अगं, एकाने भागतं." मी म्हणायचे, अन्याय एकाने भागतो का? माझं सगळ्यात गाजलेलं पत्रक 'बाई, बोल!!!' त्यात बाईचे शत्रू मी क्रमवार दिले होते. नवरा होता, समाज होता, आणि ठळक टायपात होती सासू. 'सासू ही पितृसत्तेची चौकीदार आहे!!!' हे वाक्य माझं. त्या वेळी मला सासू नव्हती, अजूनही नाही. अनुभव आड आला नाही, म्हणून वाक्य चांगलं उतरलं.

अशा तयारीने मी सरकारी वकील झाले, आणि रेखा माझ्याकडे आली.

रेखा म्हणजे गजाननची बायको. वय तिशीच्या आत, माहेर कारध्याचं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गजाननने चुलीपुढचा पिढा उचलून तिला मारला. का मारलं, हे लोक मलाच विचारतात. भाजी करपली होती काय, उलट बोलली काय. मी एवढंच सांगते की पिढा हाताशी होता म्हणून मारलं. कारण शोधायला गेलं की लोक ते कारण बाईच्या पदरात आणून टाकतात. डावा हात कोपराजवळ मोडला. पिढ्याचा एक पायही मोडला. रेखा माहेरी गेली, तिने तक्रार दिली, आणि इकडे गावात चार दिवसांत एक गोष्ट तयार झाली. रेखा तलावाच्या पायरीवर कपडे धुताना घसरून पडली. कोणी रचली माहीत नाही, पण इतकी नीट रचली होती की पायरी कोणती, शेवाळ कोणत्या बाजूला, साबणाची वडी कुठे गेली, हे सगळं ठरलेलं होतं. बहिणीचे कपडे आणायला तिकडे गेलेल्या रेखाच्या भावाला गावच्या चक्कीवाल्यानेच विचारलं, "बहिणीचा हात बरा झाला काय? त्या पायऱ्या लयच घसरड्या हाय बाप्पा."

पहिल्या भेटीत मी रेखाला विचारलं, तुला काय हवंय? मी पेन उघडून बसले होते. मला वाटलं, म्हणेल जेल, म्हणेल न्याय.

ती म्हणाली, "मॅडम, मी पडली नाही. एवढं कोर्टानं म्हणावं. बाकी तुमी पाहा."

एवढंच. तिला एक वाक्य हवं होतं, सरकारी शिक्क्याचं.

साक्ष म्हणजे काय, ते बाहेरच्यांसाठी सांगते. मी प्रश्न विचारायचे, तिने उत्तर द्यायचं, आणि उत्तर मी सुचवायचं नाही. तिने पोलिसांना दिलेला जबाब तिला आधी वाचून दाखवता येतो. काय बोल, कसं बोल, हे पढवता येत नाही. पढवलेला साक्षीदार सापडला की बचावाच्या वकिलाच्या घरी पुरणपोळी होते.

साक्षीच्या आधीच्या तारखेला रेखा घाबरून गेली होती.  मी पर्समधून पत्रक काढलं आणि म्हटलं, "हे वाच. धीर येईल." शपथेवर सांगते, एवढंच म्हटलं.

पण रेखा दहावी पास, आणि आमच्याकडे दहावी पाठांतरावर सुटते. सरकारी वकिलाने छापील कागद दिला आणि वाच म्हटलं, म्हणजे पेपरात हेच येणार! तिने पुढच्या तारखेपर्यंत ते पत्रक भावाला समोर बसवून पाठ केलं.

ती साक्षीला उभी राहिली. शपथ झाली. मी विचारलं, "त्या दिवशी काय झालं, सांगा."

रेखाने डोळे मिटले. "बाई ही युगानुयुगे चूल आणि मूल या चौकटीत कैद आहे."

टायपिस्टचे हात थांबले. साहेबांनी, म्हणजे आमच्या न्यायाधीशांनी, चष्म्यावरून पाहिलं. "घरी काय झालं ते सांगा."

"घर हे तिचे कारागृह आणि सासू ही पितृसत्तेची चौकीदार आहे. उठा भगिनींनो!"

मागे दुसऱ्याच केससाठी आलेल्या दोन भगिनी खरंच उठल्या. शिपायाने त्यांना बसवलं.

माझ्या कानशिलातून वाफ येत होती. मी कसंबसं विचारलं, "रेखाताई, तुमच्या हाताला काय झालं?"

तिने डोळे उघडले. "त्यानं पिढा उचलला अन् मारला. मी हात आडवा धरला, मनून हातावर बसला. नाही तं डोक्शावर बसला असता."

माझं अख्खं पत्रक या तीन वाक्यांपुढे रद्दी होतं. हे मला तिथेच कळलं, आणि उशीर झाला होता. कारण हटवार वकील उठून उभे राहिले होते.

हटवार वकील गजाननच्या बाजूने होते. पांढरे केस, मधात बुडवलेला आवाज. कोर्टाबाहेर मला 'बेटा' म्हणतात आणि मला ते बिलकुल आवडत नाही. त्यांनी रेखाला विचारलं, "बाई, सुरुवातीले जे बोलल्या, ते फार सुंदर होतं. कोणं शिकवलं?"

"मॅडमनं कागद देल्ला होता."

"कोणत्या मॅडमनं?"

रेखाचा डावा हात आता पूर्ण सरळ होत नाही. त्या वाकड्या हाताने तिने माझ्याकडे बोट दाखवलं.

"अन् पिढ्याचं? तेही कागदात होतं?"

"नाही जी. ते माया हातात होतं."

उत्तर चांगलं होतं, पण हटवारांना हवं ते नोंदवलं गेलं होतं. सरकारी वकिलाने साक्षीदाराला लेखी मजकूर दिला. साहेबांनी पत्रक मागवून वाचलं, शांतपणे घडी घातली आणि म्हणाले, "मॅडम, भाषा चांगली आहे. पुन्हा कोणाला देऊ नका."

बाहेर व्हरांड्यात रेखा माझ्याजवळ आली. "मॅडम, मी एखादी ओळ विसरली काय?"

 

आता बाकीचे साक्षीदार. आमच्या धंद्यात 'फितूर' हा शब्द रोजचा आहे. पोलिसांना एक सांगायचं आणि कोर्टात उलटायचं, त्याला फितूर होणं म्हणतात. पंच म्हणाला, पोलिसांनी कोऱ्या कागदावर सही घेतली, पिढाबिढा मी पाहिला नाही. शेजारी दामोदर पोलिसांना म्हणाला होता की मी किंकाळी ऐकून धावलो. कोर्टात म्हणाला, "मी घरीच नव्हतो जी. रोवण्याले गेलो होतो."

धानाची लावणी पोळ्यापर्यंत कोणी ठेवत नाही. मी विचारलं, "पोळा झाल्यावर रोवणा?"

"आमचा जरा मागं राहते."

साहेब धानाच्याच मुलखातले. त्यांनी मान वर केली. "किती मागं?"

"जसा पाऊस पडते तसा, साहेब."

"त्या वर्षी रोवणा कधी झाला होता?"

दामोदरने गजाननकडे पाहिलं, हटवारांकडे पाहिलं, छताकडे पाहिलं. "झालाच नाही," तो म्हणाला. कोर्ट हसलं. पण हसण्याने खटला सिद्ध होत नाही. दामोदर घरी नव्हता, एवढंच कागदावर राहिलं.

डॉक्टर आले. प्रामाणिक माणूस. जड वस्तूच्या माराने असा हात मोडू शकतो, म्हणाले. हटवारांनी विचारलं, पायरीवरून पडल्यानेही? डॉक्टर म्हणाले, पडल्यानेही. त्यांचं काही चुकलं नाही. पण तलावाची ती पायरी, शेवाळ आणि साबणाच्या वडीसकट, कोर्टात आली.

राहिला पिढा. पोलीस जी वस्तू जप्त करतात तिला मुद्देमाल म्हणतात. तिला पोत्यात बांधून, लाखेचं सील करून, चिठ्ठी लावून ठाण्याच्या मालखान्यात ठेवतात आणि साक्षीच्या वेळी कोर्टात आणून दाखवतात. रेखाच्या साक्षीच्या दिवशी ठाण्याची गाडी बंदोबस्तात होती, म्हणून पिढा आलाच नव्हता. पंचाच्या दिवशी चावी रजेवर होती. शेवटी एकदाचे मालखान्याचे हवालदार कटरे पिढा घेऊन मोटरसायकलवर आले. मी व्हरांड्यातच पोतं उघडायला सांगितलं.

पिढ्याला चार पाय होते.

मी दोनदा मोजले. पंचनाम्यात लिहिलं होतं, 'शिवणीच्या लाकडाचा पिढा, एक पाय तुटलेला, तुटलेला पाय सोबत.'

"कटरे, हे काय?"

कटरे कौतुकाच्या अपेक्षेने उभे होते. "पाय लावून देल्ला मॅडम. लय डुगडुगत होता."

"डुगडुगत होता, हे तुम्हाला कसं कळलं?"

"बसल्यावर कळतेच ना."

"मुद्देमालावर बसलात?"

"डबा खाले फक्त. दोन वर्षं मालखान्यात खाली बसून बसून माई कंबर गेली. हा पिढा आपला रिकामा पडून होता."

"आणि सील?"

"सील तं पहिल्याच दिवशी गेलं. उंदरांचं पाहाले पोतं उघडलं होतं."

"जुना पाय कुठे आहे?"

आता मात्र कटरे थोडे कोमेजले. "थंडी होती मॅडम. शेकोटीत गेला."

खून असो की घरफोडी, पुरावा नष्ट करणारे लोक मी पाहिले आहेत. पण पुरावा दुरुस्त करून आणणारा हा पहिलाच. आणि त्याच्या चेहऱ्यावर इतका निरागसपणा होता की ओरडावंसं वाटूनही ओरडता येईना. लपवावं का, असा विचार माझ्या मनात आला. खोटं सांगत नाही, चांगला मिनिटभर टिकला. मग ठरवलं की साहेबांना आपणच सांगायचं. पिढाही गेला.

हातात एकच कागद उरला होता, आणि तोही मी आदल्या दिवशी लिहून ठेवला होता. त्याला पुरशीस म्हणतात. 'या साक्षीदाराला आम्ही तपासू इच्छित नाही' असं लिहून दिलं की तो साक्षीदार यादीतून जातो. मी वगळत होते त्या साक्षीदार क्रमांक पाच होत्या सोनाबाई. गजाननची आई.

सोनाबाईंचं नाव आरोपींत नाही, साक्षीदारांत आहे, हे मला पहिल्यापासून खटकलं होतं. मी रेखाला विचारलंही होतं, "सासूचं नाव का नाही दिलं?" ती म्हणाली होती, "तिनं मारलं नाही ना मॅडम. मारलं नाही तं कायले नाव देऊ?" तरी माझा विश्वास नव्हता. पोराच्या केसमध्ये आई! उभी राहून तलावाची पायरी आणखी एक हात लांब करेल, दुसरं काय? दोन वर्षं सोनाबाई प्रत्येक तारखेला बपेऱ्याकडून एसटीने यायच्या, व्हरांड्यात भिंतीला टेकून बसायच्या, चुना-तंबाखू मळायच्या आणि मी दिसले की एकच प्रश्न विचारायच्या.

"बाई, माया पिढा कवा देता?"

मी दरवेळी सांगायचे, केस संपल्यावर. आणि मनात म्हणायचे, बघा! सुनेचा हात मोडला, हिला पिढ्याची पडली आहे. पत्रकात मी लिहिलेलं सगळं खरं वाटायचं.

त्या दिवशी कटरेंनी पोतं सोडलं तेव्हा सोनाबाई चार हात अंतरावर बसल्या होत्या. त्या उठल्या. सत्तरीची बाई इतक्या चपळाईने उठू शकते हे मला माहीत नव्हतं.

"अगं माय! माया पिढा!"

त्या फरशीवर बसल्या, पिढा मांडीवर घेतला आणि फळीवरून हात फिरवू लागल्या. मग हात खाली गेला. एकेक पाय चाचपला. चौथ्या पायावर हात थांबला.

"हा पाय कोणाचा लावला रे?"

कटरे म्हणाले, "चांगला बाभळीचा लावला मावशी. मजबूत हाय."

"माया बाप वाढई होता. शिवणीच्या एकाच झाडातून त्यानं पूर्ण पिढा काढला होता, माया लग्नात. अन् तू त्याले बाभूळ लावतं? लाज नाही वाटली तुले?"

पोलिसाला असं बोललेलं मी त्या व्हरांड्यात कधी ऐकलं नव्हतं. कटरेंनी टोपी काढून हातात घेतली.

माझ्या हातात पुरशीस होती. हटवारांनी सोनाबाईंना काय सांगून ठेवलंय ते मला माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. पिढा दाखवला की म्हणायचं, हा आमच्या घरचा नाही. गजाननही जिन्यापाशी उभा राहून आईला डोळ्यांनी तेच सांगत होता. वकिलीतला पहिला धडा असा, की उत्तर माहीत नसेल तर प्रश्न विचारू नये. पण सोनाबाईंचा हात अजून त्या बाभळीच्या पायावर होता आणि चेहरा असा की पायाने त्यांचा चावा घेतला आहे. मी पुरशीस फाडली.

आत गेल्या गेल्या मी साहेबांना सील, शेकोटी सगळं सांगितलं. कटरेंना जी बोलणी बसली ती इथे देत नाही. हटवार गोड हसले. "साहेब, पंचनाम्यात तीन पाय, इथं चार. हा तो पिढाच नाही. मॅडमनं कोणता तरी पिढा आणला."

मी सोनाबाईंना बोलावलं. त्या साक्षीला उभ्या राहिल्या. समोर टेबलावर पिढा, डावीकडे पोरगा.

"हा पिढा ओळखता?"

गजानन खोकला.  रेखा मागच्या बाकावर भावाजवळ बसली होती. तिने मान खाली घातली, म्हणजे तिलाही माझ्यासारखंच वाटत होतं की आता 'नाही' येणार.

"वाजवून पाहू काय जी?" सोनाबाईंनी साहेबांना विचारलं.

"पाहा."

त्यांनी बोटांनी फळीवर टकटक केलं, कान लावला, पिढा उलटा केला आणि म्हणाल्या, "हाव. माया हाय. पण हा पाय माया नाही. हा बाभळीचा हाय. तो पोलीसवाला मनते मजबूत हाय. त्याले काय समजते?"

"मग मूळ पाय कुठे गेला?" हा प्रश्न साहेबांचा.

"तुटला."

"कसा?"

आता त्यांनी गजाननकडे पाहिलं.  

"यानं रेखाले मारला. तिच्या हातावर तुटला."

हटवार वकिलांना मी पहिल्यांदा घाईने उठताना पाहिलं. "आजी, घाबरू नका. सून तं तलावावर घसरून पडली होती ना? पूर्ण गावाले माहीत हाय."

"गाव होतं काय माया सैपाकघरात?"

"पण ती तलावावर पडली, हे..."

"अन् पिढा? कपडे धुवाले पिढा घेऊन तलावावर कोण जाते जी?"

हटवार थांबले. आवाजात पुन्हा मध घालून म्हणाले, "म्हणजे आजी, तुमी सख्ख्या पोराच्या इरोधात बोलून राहिल्या?"

"मी पोराच्या इरोधात काहून बोलू? मी माया पिढ्याचं सांगून राहिली. तुमी मले म्हटलं, पिढा आमचा नाही मन. बापानं देल्लेला पिढा माया नाही, असं कसं मनू?"

साहेबांनी त्यांचा शब्द न् शब्द त्यांच्याच बोलीत लिहून घ्यायला सांगितला. टायपिस्टला 'मध्येच थांबू नका' म्हणायची गरज पडली नाही. गजानन खाली पाहत होता. मागे रेखाने मान वर केली होती.

निकाल लागला. गजानन दोषी. एक वर्षाची शिक्षा, त्यावर अपील, अपिलात जामीन. तो आज राईस मिलमध्येच आहे. हे लिहिताना माझा जीव जळतो, पण खटले असेच चालतात आणि वाचकांना खोटा आनंद द्यायला मी बसलेली नाही. निकाल झाला त्या दिवशी मी रेखाला कागद वाचून दाखवायला घेतला. ती म्हणाली, शिक्षेचं राहू द्या, माया वाक्य कुठं हाय? बाराव्या पानावर होतं. 'फिर्यादी तलावाच्या पायरीवरून घसरून पडली, हा बचाव खोटा असून फिर्यादी पडलेली नव्हती, असे या न्यायालयाचे मत आहे.' तिने त्या ओळीवर बोट ठेवलं, वाचलं, परत वाचलं. मग म्हणाली, "याची झेरॉक्स भेटन काय?"

सोनाबाई मात्र पिढ्यासाठी थांबलेल्या. अपील असल्यामुळे मुद्देमाल कायमचा परत देता येत नव्हता. साहेबांनी तो सुपूर्दनाम्यावर दिला, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा आणून हजर करायचा आणि आहे त्या स्थितीत सांभाळायचा. बदल करायचा नाही, दुरुस्ती करायची नाही.

"मनजे हा बाभळीचा पाय काढाचा नाही?" सोनाबाईंनी विचारलं.

"नाही."

"अन् बसाचं काय?"

साहेब लिहिता लिहिता थांबले. "बसा," ते म्हणाले. अंगठा घेतला गेला. आजतागायत शिवणीच्या त्या पिढ्याला कोर्टाच्या हुकमाने बाभळीचा पाय आहे आणि सोनाबाई दर महिन्याला निरोप पाठवतात की अपील लवकर संपवा, पाय सहन होत नाही.

मला त्यांना काही बोलायचं होतं. दोन वर्षं व्हरांड्यात माझ्यासमोर बसलेल्या बाईला मी पिढा परत मागणारी म्हातारी समजले. तिला एकदाही विचारलं नाही की त्या दिवशी तुम्ही काय पाहिलं. साक्षीदारांच्या यादीत त्यांचं नाव होतं, आणि मी माझ्या पत्रकातली यादी वाचत होते. त्या पिढा डोक्यावर घेऊन एसटीकडे निघाल्या तेव्हा रेखाने धावत जाऊन पिढ्याला एका बाजूने हात लावला.  दोघी स्टँडपर्यंत गेल्या आणि तिथून एक कारध्याकडे, एक बपेऱ्याकडे.  आयुष्यभर 'बाई, बोल' सांगत आले, आणि माझ्या तोंडाला त्या दिवशी कुलूप होतं.

'बाई, बोल!!!' च्या उरलेल्या प्रती आईने कपाटात खाली अंथरल्या आहेत. 

मागच्या उन्हाळ्यात दुसऱ्या एका केसच्या साक्षीदाराला भेटायला बपेऱ्याकडे गेले होते. त्या गावावरून जावं लागतं. गावच्या चक्कीपाशी गाडी थांबवली, पाणी मागितलं. चक्कीवाल्याने पाणी दिलं आणि ओळख पटल्यावर जरा बाजूला सरकला. त्याच्या मागे भिंतीवर, पिठाच्या थराखाली, एक झेरॉक्स चिकटवली होती. निकालाचं बारावं पान. रेखाच्या भावाने आणून लावली, चक्कीवाला म्हणाला, तलावाच्या पायरीवर लावली, पंचायतीच्या दारावर लावली, दामोदरच्या घरासमोर तर दोन लावल्या. फाडली की पुन्हा येतो.

मी हाताने पीठ झाडलं. त्या एका ओळीखाली निळ्या पेनाने रेघ मारली होती. आजूबाजूला घोषणा नव्हती, भगिनींना आवाहन नव्हतं. वाक्य संपत होतं तिथे फक्त पूर्णविराम होता.

माझ्या खिशात पेन होतं. तीन उद्गारचिन्हं द्यायला जागाही होती. मी पेन काढलं, पाहिलं, आणि परत खिशात ठेवलं.